घरात वाचणारे जास्त, पैसे कमी. वाचनालयाचं कार्ड काढून खरंच काही वाचतं का?

चाळीसगावची_सूनबाई

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, हसू नका. आमच्या घरात सहा जणं, मी, मिस्टर, सासू नाहीत पण सासरे आहेत, दोन पोरं (मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत) आणि धाकटे दीर जे एमपीएससी करताहेत. वाचायचा नाद सगळ्यांना आहे आणि तीच पंचाईत झालीय. सासऱ्यांना दोन पेपर लागतात, शिवाय दिवाळीला चार-पाच अंक हवेतच आणि एकेक अंक आता तीनशेच्या पुढे गेलाय. दिरांची अभ्यासिका खाजगी आहे, महिना आठशे, वर ते जाडे ठोकळे, एकेक पाचशे-सहाशेचा, आणि एक घेतला की थोड्या दिवसांनी "वहिनी नवीन आवृत्ती आली". मुलीला गोष्टीची पुस्तकं ऑनलाइन मागवायची सवय लागलीय, दुपारी आलेलं पुस्तक रात्री जेवायच्या आत संपलेलं असतं आणि मग ते कपाटात पडून.

परवा किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं मांडलं तर महिन्याला अडीच हजाराच्या आसपास नुसतं वाचण्यावर जातंय, शाळेची पुस्तकं वह्या त्यात धरलेल्याच नाहीत. थोडी शेती आहे पण कापसाचं तुम्हाला माहितीच आहे, पैसा हातात येईपर्यंत त्याला दहा वाटा फुटलेल्या असतात. वाचू नका असं कुणाला म्हणायचं नाहीये मला, मी स्वतः वाचते.

म्हणून वाचनालयाचा विचार चाललाय. मिस्टर म्हणतात वाचनालय म्हणजे रिटायर माणसांची पेपर वाचायची जागा, तिथे पुस्तकं सगळी पिवळी पडलेली, नवीन काही मिळत नाही, उगाच वर्गणी भरशील. खरं आहे का हे? अख्ख्या घराला एक कार्ड पुरतं का प्रत्येकाचं वेगळं काढायचं? तिसरीतल्या पोराच्या हातात वाचनालयाचं पुस्तक द्यावं का, त्याला कडक जिल्द पण पुरत नाही. आणि काय तिथून आणायचं आणि काय विकतच घ्यायचं हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

जळगावचा_भाऊ

ताई हसायचं काय त्यात, आमच्याकडे पण हाच हिशोब झाला होता फक्त वही वेगळी. मिस्टरांना सांगा आमच्या जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ सालचं आहे, पिवळी पुस्तकं पण आहेत आणि नवीन पण आहेत, इतकी वर्षं लोक उगाच येताहेत का.

कार्डाचं सांगतो. बहुतेक ठिकाणी एका कार्डावर एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं, दोन पुस्तकं पाहिजे असतील तर वर्गणी थोडी जास्त. सुरुवातीला अनामत भरायची, ती परत मिळते, आणि पुढे महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी. आमच्या इथे मी वर्षाची एकदम भरतो कारण महिन्याची भरायला गेलं की एक महिना राहतो, मग दोन राहतात, मग तोंड लपवत जावं लागतं. सहा जणांची सहा कार्डं अजिबात काढू नका. एक दोन-पुस्तकी कार्ड तुमच्या नावावर आणि एक बाल विभागाचं मुलीच्या नावावर, बस. बाल विभागाची वर्गणी फारच किरकोळ असते. सासऱ्यांना पेपर वाचायला कार्ड लागतच नाही, वृत्तपत्र विभाग फुकट असतो, कुणीही जाऊन बसावं.

आता पेपर बंद करू नका लगेच, घरात भांडण होईल. दोनातला एक चालू ठेवा आणि दुसरा वाचनालयात वाचू द्या. आमचे अण्णा आधी चिडले होते, आता सकाळी तिथे चार-पाच पेपर चाळतात, मग ओट्यावर त्यांच्या वयाच्या लोकांची जी पार्लमेंट भरते ती जेवायच्या वेळेपर्यंत उठत नाही. घरी पण शांतता (हे आमच्या हिचं मत आहे माझं नाही).

भुसावळ_अपडाऊन

दिरांच्या बाबतीत मी बोलतो कारण मी स्वतः त्याच रांगेत आहे.

सगळ्यात जास्त पैसे तुमचे तिथेच वाचतील, गोष्टीच्या पुस्तकांत नाही. खाजगी अभ्यासिकेचे महिना आठशे म्हणजे वर्षाचे जवळपास दहा हजार झाले, आणि तिथे मिळतं काय तर एक कप्पा, एक ट्यूबलाईट, एक प्लग आणि वायफाय जे संध्याकाळी बंद पडतं. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांना स्वतःची स्पर्धा परीक्षा अभ्यासिका आहे, काही नगरपालिकांनी पण चालू केल्यात, फी खाजगीच्या निम्म्याहून कमी असते. अडचण एकच, जागा कमी आणि वेळ ठरलेली, रात्री अकरापर्यंत बसू देतील असं नाही. म्हणून आमच्यातले काही जण दिवसा वाचनालय आणि रात्री घरी असं करतात. उन्हाळ्यात मात्र हे गणित बिघडतं, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की पत्र्याच्या अभ्यासिकेत बसणं म्हणजे स्वतःला भट्टीत घालणं, तेव्हा कुठे जुन्या दगडी इमारतीतलं वाचनालय असेल तर ती जागा सोडू नका असं सांगा त्यांना.

ठोकळ्यांचं. वाचनालयातला ठोकळा घ्यायच्या आधी पहिलं पान उघडून आवृत्तीचं साल बघायचं, मग अनुक्रमणिका. इतिहास, भूगोल, राज्यघटनेची मूळ मांडणी, समाजसुधारक, हे तीन-चार वर्षं जुनं असलं तरी चालतं. चालू घडामोडी, अर्थसंकल्प, योजना, आकडेवारी हे जुनं अजिबात वाचू नये, त्यापेक्षा न वाचलेलं बरं. आणि राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, त्यामुळे मुख्यसाठीचे जुने बहुपर्यायी प्रश्नांचे संच कपाटात कितीही छान दिसले तरी दीर मुख्यची तयारी करत असतील तर त्यांनी ते उचलू नयेत. पूर्वपरीक्षेला चालतील.

एनसीईआरटीची पुस्तकं आणि बालभारतीची पाचवी ते बारावीची पुस्तकं, दोन्हींच्या पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहेत, तरी आमच्या अभ्यासिकेत पोरं त्याचेच झेरॉक्स बांधून विकत घेतात, मला कळत नाही का. मोबाईलवर डोळे दुखतात हे खरं, पण मग तीच पुस्तकं वाचनालयात असतात ना. 'योजना' आणि 'लोकराज्य'ची मासिकं बऱ्याच ठिकाणी येतात, मागचे अंक गठ्ठ्यात बांधून ठेवलेले असतात, विचारल्याशिवाय कुणी काढून देत नाही, विचारायचं.

विकत घ्यायचं ते एवढंच, जे पुस्तक परत परत वाचायचंय, ज्यात खुणा करायच्यात, समासात लिहायचंय. तसं माझ्याकडे विषयाला एक आहे. बाकी सगळी एकदा वाचून टिपण काढायची पुस्तकं, ती आणायची, टिपण काढायचं, परत द्यायची. परत द्यायची तारीख असते म्हणून टिपण निघतं हे पण आहे, विकतचा ठोकळा माझ्या मित्राकडे प्लॅस्टिकच्या वेष्टनात तसाच आहे.

साक्रीना_पोऱ्या

सगळं ठीक शे भो, शहरवाल्यास्ना गप्पा शेतीस. आमना गावमा बी वाचनालय शे, पाटी मोठी शे आनि कुलूप त्यानापेक्षा मोठं शे.

मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. तालुक्याच्या ठिकाणी वाचनालय चांगलं असेल, पण आम्ही तिथून वीस किलोमीटर. जायला-यायला गाडीत शंभराचं पेट्रोल टाकायचं आणि एक पुस्तक आणायचं, यात कसली बचत? गावातलं वाचनालय मी लहान असताना उघडं असायचं, आता ग्रँटची पाहणी असली की उघडतं, झाडून घेतात, दोन पोरं बसवतात फोटोला, की परत बंद. आत पुस्तकं आहेत, खिडकीतून दिसतात. वर्गणी घ्यायला तयार आहेत, पुस्तक द्यायला माणूस नाही. बचतीच्या गोष्टी करायच्या तर आधी दार तर उघडा.

निवृत्त_ग्रंथपाल

मी आयुष्यभर देवघेव खिडकीमागे बसलो, त्यामुळे साक्रीच्या भाऊंचं बोलणं झोंबलं पण खोटं नाही. थोडं सविस्तर लिहितो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खाली जावं.

आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावोगावची वाचनालयं सरकारी नसतात, ती नोंदणी केलेल्या संस्था चालवतात आणि सरकार त्यांना दरवर्षी अनुदान देतं. त्यांचे वर्ग असतात, अ ब क ड, वर्ग जसा वर तसं अनुदान जास्त आणि अपेक्षा पण जास्त, पुस्तकं किती, पेपर-मासिकं किती, सभासद किती, उघडं किती वेळ. वर्गणी इतकी कमी का असते तर याच्यामुळे. म्हणजे ताई, तुम्ही कार्ड काढा न काढा, त्या पुस्तकांचे अर्धेअधिक पैसे तुमच्या करातून आधीच गेलेले आहेत. उपास आपला आणि फराळ दुसऱ्याचा, असं का करायचं?

या पद्धतीत कागदावरची वाचनालयं पण निघाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, २०१२ ला महसूल खात्याकडून राज्यभर एकदम पडताळणी झाली तेव्हा आमच्याकडे पण तलाठी, मंडळ अधिकारी येऊन दाखल नोंदवही आणि कपाटातली पुस्तकं ताडून बघत होते. साक्रीच्या भाऊ, तुम्हाला सांगतो, कुलूप असलं तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, एकट्याने नाही, गावातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घेऊन. "वाचनालय बंद असतं" असं मोघम लिहू नका, "रोज संध्याकाळी या वेळेत उघडं पाहिजे, अमुक तारखांना बंद होतं" असं लिहा. तोंडी तक्रारीचा काही उपयोग होत नाही, कागद आला की त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि त्याच वेळी गावातल्या कुणी पदवीधर पोराला वा पोरीला विचारा, संध्याकाळी दोन तास बसशील का, कारण अर्ध्या वेळा कुलुपाचं कारण लबाडी नसतं, त्या पगारात कुणी टिकत नाही हे असतं. मी टिकलो कारण घरी शेती होती.

आता चाळीसगावच्या ताई, तुम्हाला कामाच्या गोष्टी.

"नवीन काही मिळत नाही" यावर इलाज आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. वाचनालयात वाचकांच्या मागणीची वही असते, नसली तर ठेवायला सांगा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, असं नीट लिहा. अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो, आणि खरेदी बऱ्याच ठिकाणी मार्चच्या आधी घाईघाईत होते, त्या घाईत ग्रंथपालाला यादी तयार मिळाली तर त्याला सुटल्यासारखं वाटतं, नाहीतर विक्रेता जे गठ्ठ्यात देईल ते येतं. म्हणजे तुमच्या मुलीला पाहिजेत ती पुस्तकं डिसेंबर-जानेवारीत वहीत लिहा. एकटीने लिहू नका, मैत्रिणींना पण लिहायला लावा, एकाच पुस्तकाला तीन सह्या असल्या की ते येतं. मी स्वतः असंच करायचो. जिल्ह्याला दरवर्षी ग्रंथोत्सव भरतो, तिथे पण ग्रंथपालाबरोबर एखादा वाचक गेला तर आमची खरेदी चांगली व्हायची.

दिवाळी अंक विकत घेऊ नका. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, एकदाच ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे तीन-चार महिने पाहिजे तेवढे अंक एकामागे एक घरी न्यायचे. एका अंकाच्या किमतीत सगळे वाचून होतात. पहिले पंधरा दिवस नावाजलेल्या अंकांसाठी रांग असते, सासऱ्यांना सांगा डिसेंबरात निवांत मिळतील, मजकूर तोच असतो.

अनामतीची पावती जपून ठेवा. वर्गणीची पावती हरवली तर चालतं, अनामतीची हरवली की गाव सोडताना वाद होतो. पुस्तक हरवलं तर बाजारात मिळत असेल तर तेच नवीन आणून दिलेलं आम्हाला जास्त आवडतं, पैसे भरण्यापेक्षा. उशिरा आणलं तर दंड असतो, तो रोजचा असतो म्हणून छोटा वाटतो. पण कुणीही मागणी केलेली नसेल तर मुदत वाढवून मिळते, फोन केला तरी बरेच ग्रंथपाल वाढवून देतात, आधी सांगितलं तर. आणि फाटलं तर चिकटपट्टी लावू नका हात जोडून सांगतो, ती दोन वर्षांत पिवळी पडून पानच घेऊन येते. फाटलेलं तसंच आणा, आम्ही खळीनं पातळ कागद लावतो.

संदर्भ विभागाचं एक राहिलं. शब्दकोश, विश्वकोश, गॅझेटियर ही घरी देत नाहीत, तिथेच बसून बघायची. सातवीतल्या मुलीच्या प्रकल्पासाठी हे सोनं आहे. मराठी विश्वकोश तर आता इंटरनेटवर पण पूर्ण फुकट आहे, आणि त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या पिंपळनेरचे, म्हणजे साक्रीच्या भाऊंच्या तालुक्यातले. हे मी उगाच अभिमानाने सांगतोय, विषयाशी फार संबंध नाही.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, काही जण तिथे पण गोष्टीची पुस्तकं मागायला जातात. ते संशोधनाचं ठिकाण आहे, जुनी कागदपत्रं, पोथ्या. जरूर बघायला जा, पण बचतीच्या हिशोबात धरू नका.

शहाद्याच्या_बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि दोन मुलांची आई, त्यामुळे तिसरीतल्या पोराचं मी बोलते.

द्या त्याच्या हातात पुस्तक. बाल विभागातली पुस्तकं आधीच दहा-वीस हातांतून आलेली असतात, त्यामुळे ग्रंथपाल एखाद्या दुमडलेल्या पानावरून तुम्हाला फासावर देत नाही. माझा धाकटा केळीचे वेफर्स खात वाचायचा, एका पुस्तकाच्या मधल्या चार पानांवर तेलाचे गोल गोल डाग आहेत आणि शेवटच्या पानाला जी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर पेनानं मिशा काढलेल्या. घेऊन गेलो तर काकांनी चष्म्यातून बघितलं, म्हणाले मिशा बऱ्या काढल्यास, आता पुढच्या वेळी वेफर्स संपवून ये. तेवढंच. आता घरी नियम आहे, वाचनालयाचं पुस्तक जेवताना-खाताना नाही, आणि ते दप्तरात जात नाही, त्याला वेगळी कापडी पिशवी, दाराच्या मागे खिळ्याला. दप्तरात गेलं की पाण्याची बाटली गळते, ठरलेलं आहे.

पैशाच्या बाजूनं सांगायचं तर या वयात मुलं पुस्तक एकदाच वाचतात किंवा मग पन्नास वेळा वाचतात, मधलं काही नसतं. म्हणून आधी वाचनालयातून आणायचं, जे पुस्तक पोरगं परत परत मागतंय, परत देताना रडतंय, ते वाढदिवसाला विकत घ्यायचं. आमच्याकडे अशी विकत घेतलेली पुस्तकं थोडीच आहेत पण एकही धूळ खात नाहीये.

ज्यात लिहायचं असतं ते वाचनालयातून आणू नका. शिष्यवृत्ती, नवोदय, स्वाध्याय, सराव संच, अक्षर गिरवायची पुस्तकं, ती विकतच घ्यावी लागतात. वाचनालयातल्या संचात आधीच्या पोरानं पेन्सिलनं उत्तरं लिहिलेली असतात आणि गंमत म्हणजे निम्मी चुकीची, माझ्या वर्गातल्या एकानं तीच उतरवून आणली होती.

शाळेच्या पाठ्यपुस्तकांवर तुम्ही खर्च धरला नाही म्हणालात. जि. प. आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत ती फुकट मिळतातच. खाजगी शाळा असेल तर ओळखीतल्या वरच्या वर्गातल्या पोरांची घ्या, पण आधी अभ्यासक्रम बदललाय का ते शाळेत विचारून घ्या, पहिलीची २०२५ ला बदलली, पुढचे वर्ग पण टप्प्याटप्प्यानं बदलणार आहेत, जुना संच स्वस्तात मिळतोय म्हणून उचलून आणला असं नको. दिरांनी पुढे इंजिनिअरिंग वगैरे केलं असतं तर कॉलेजच्या पुस्तकपेढीचं सांगितलं असतं, ज्यांच्या घरी तसं कुणी आहे त्यांनी जरूर विचारा, समाजकल्याणची पण मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी योजना आहे.

आणि 'किशोर' मासिक. बालभारतीचं, १९७१ पासून निघतंय, जुने अंक सगळे त्यांच्या साइटवर फुकट वाचायला आहेत. मी वर्गात मोठ्या स्क्रीनवर लावते, घरी मोबाईलवर वाचायला देत नाही कारण अंक दहा मिनिटं आणि मग व्हिडिओ एक तास. हवं तर दोन-चार गोष्टी छापून द्या. साहित्य संस्कृती मंडळाची पण पुष्कळ पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये आहेत, ती मोठ्यांच्या कामाची.

साक्रीच्या भाऊंना, वीस किलोमीटर जायचंच कशाला, आमच्या पाड्यावर कोण येणार होतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणून योजना आहे, शंभर पुस्तकांची पेटी, ती एका गटाकडे राहते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. तशी पेटी तुम्हाला मिळेल की नाही ते विचारून बघा, पण नाही मिळाली तरी कल्पना उचलायला काय जातं, गावात दहा घरांनी प्रत्येकी पाच-पाच पुस्तकं काढली तर पन्नास झाली, शाळेच्या कपाटात ठेवा, एक वही घाला. जि. प. शाळेत पण पुस्तकं येतात, समग्र शिक्षामधून, गठ्ठे कधी कधी न सोडताच पडलेले असतात. मुख्याध्यापकांना भेटा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत शाळा बंद असते तेव्हा तेच कपाट कुणाच्या तरी ओसरीत हलवायची परवानगी मागा. आम्ही मागितली, मिळाली.

जळगावचा_भाऊ

बाई, वेफर्सच्या डागावरून आठवलं, आमच्या कार्डावर एक पाककृतीचं पुस्तक यायचं त्याच्या भरताच्या पानावर खरोखर भरीत सांडलेलं होतं. कृती बरोबर होती म्हणायची.

साक्रीना_पोऱ्या

बाई, हे बरं सांगितलंत. शाळेचं कपाट मला माहितीय, गठ्ठे आहेत त्यात. ग्रंथपाल साहेब, अर्जाचा नमुना असेल तर टाका इथे, सह्या मी घेतो, आमच्या गल्लीतच दहा होतील.

निवृत्त_ग्रंथपाल

नमुना कशाला पाहिजे, साध्या कागदावर चालतो. विषय, गावाचं नाव, वाचनालयाचं पाटीवर आहे तसं पूर्ण नाव (पाटीवर नोंदणी क्रमांक असेल तर तो पण), कुठल्या तारखांना बंद होतं, आणि मागणी. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

चाळीसगावची_सूनबाई

बापरे, इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. मिस्टरांना वाचायला दिलं, भरताचं पान ऐकून हसले आणि म्हणाले चल रविवारी बघून येऊ. दिरांना अपडाऊनवाल्या दादांचं सगळं वाचून दाखवलं, ते म्हणताहेत पूर्वसाठी चालेल पण खाजगी अभ्यासिका एकदम सोडायची भीती वाटते कारण जागा परत मिळत नाही. मग असं ठरवलंय की पुढचा महिना तिथले पैसे भरायचे आणि दिवसा वाचनालयात बसून बघायचं, जमलं तर सोडायचं.

सासऱ्यांच्या एका पेपरावर मात्र अजून तह झालेला नाही. ते म्हणतात वाचनालयातला पेपर दुसऱ्याच्या हातून आल्यावर त्याची घडी मोडलेली असते. यावर काय करावं?

जळगावचा_भाऊ

उघडायच्या वेळेला पहिलं पाठवा, घडी त्यांनीच मोडायची.